आधी मैदान, मग लाँचर, रॉकेट सगळ्यात शेवटी: खेड्यातल्या शाळेसाठी पाण्याच्या रॉकेटचा उपक्रम

रॉकेटचा उपक्रम करायचा ठरला की बहुतेक शाळांत पहिल्याच दिवशी बाटल्या गोळा होतात, त्यांना रंगीत कागद चिकटतात, तिरंगा लागतो आणि दुसऱ्या दिवशी सगळी शाळा मैदानात उभी असते. बाटली आडवी सुटते, पालकांच्या रांगेत शिरते किंवा पंप मारणाऱ्या सरांच्या हातातच फुटते. असं झालं की गावात उपक्रमाचं नाव निघणं बंद होतं. आमच्या जिल्हा परिषद शाळेतही पहिल्या वर्षी हेच झालं. एका मुलाच्या भुवईवर टाका पडला. चूक रॉकेटची नव्हती, क्रमाची होती. आम्ही शेवटची गोष्ट आधी केली होती.

हा लेख पाचवी ते आठवीच्या मुलांना घेऊन पाण्याचं रॉकेट उडवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. पाण्याचं रॉकेट म्हणजे थोडं पाणी आणि दाबलेली हवा भरलेली कोल्ड्रिंकची बाटली: हवा पाणी खाली फेकते आणि बाटली वर जाते. ती अडकवून सोडायचं साधन म्हणजे लाँचर. सगळी तयारी करायला साधारण तीन आठवडे लागतात. ते तीन दिवसांत कोंबू नका.

एक गोष्ट सुरुवातीलाच. सुतळी बॉम्ब फोडून त्यातली दारू काढणं, घरी साखर आणि खत मिसळून इंधन करणं, यातलं काहीही मुलांसमोर बोलूसुद्धा नका. परवान्याशिवाय स्फोटकं बनवणं हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बोटं जातात ती कायद्याला विचारून जात नाहीत. पाणी आणि दाबलेली हवा यांवर सातवीच्या पोराला वर्षभर पुरेल इतकं शिकायला मिळतं.

## १. तारीख आणि मैदान

२३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन असतो, म्हणून पुष्कळ शाळा त्याच दिवशी उड्डाण ठेवतात. आपल्याकडे तेव्हा वावरात सोयाबीन उभं असतं, कपाशी वाढीला लागलेली असते आणि काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुततो. लाँचर कलतो, रॉकेट पिकात पडतं, पोरं ते शोधायला पीक तुडवतात. त्या दिवशी शाळेत पाण्याची चाचणी घ्या (टप्पा ३). उड्डाण डिसेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन चांगला. वेळ सकाळी आठ ते दहा, कारण त्यानंतर वारा उठतो.

मैदान सगळ्या बाजूंनी किमान १०० मीटर मोकळं हवं. शाळेचं पटांगण सहसा पुरत नाही. गावाचं आखर (गुरं जमायची मोकळी जागा), पीक निघालेलं वावर, विदर्भाच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत धान कापून कोरड्या पडलेल्या बांध्या, यांपैकी काहीतरी मिळतंच. मालकाला स्वतः भेटून विचारा. शेजारच्या वावरात हरभरा किंवा गहू उभा असेल तर त्याही शेतकऱ्याला सांगा.

जागा ठरली की मुलांना न नेता दोन शिक्षकांनी ती पायी फिरून पाहायची. काय पाहायचं?

उघडी विहीर. मला सगळ्यात जास्त भीती हिचीच वाटते. रॉकेट परत आणायला धावणाऱ्या मुलाची नजर आभाळात असते, पायाखाली नसते. आपल्याकडच्या कित्येक शेतविहिरींना कठडा नाही. दीडशे मीटरच्या आत अशी विहीर असेल तर मैदान बदला. तिथे माणूस उभा करू, असं म्हणू नका. रॉकेट वर गेलं की तो माणूसही वरच पाहतो.

त्यानंतर महावितरणच्या तारा, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावलेली झटका मशीनची तार, तुरीची आणि पऱ्हाटीची धसकटं. तुरीचं धसकट चपलेतून आरपार जातं. बूट नसलेल्या मुलाला रॉकेट आणायला पाठवायचं नाही. झटका मशीन त्या सकाळी बंद ठेवायला मालकाला सांगा आणि ते बंद असल्याची खात्री स्वतः करा. जवळपास विमानतळ किंवा धावपट्टी असेल तर तिथे उपक्रम नकोच.

थांबा: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पालकांची लेखी संमती आणि जागामालकाचा होकार हातात येईपर्यंत पुढचा टप्पा सुरू करू नका. सरपंच आणि पोलीस पाटील यांना तारीख कळवून ठेवा.

## २. लाँचर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रबरी बुचात सायकलचा व्हॉल्व्ह खुपसून पंप मारायचा आणि बूच आपोआप सुटेल याची वाट पाहायची, ही पद्धत सोपी दिसते म्हणून सगळीकडे चालते. तिच्यात रॉकेट कधी सुटणार ते बूच ठरवतं. एकदा २० पीएसआयला (टायरमधली हवा मोजतात ते दाबाचं एकक) सुटेल, एकदा ७० ला, आणि सुटेल तेव्हा पंप मारणारा त्याच्यावर वाकलेला असेल. आमच्याकडे टाका पडला तो असाच. लाँचरला कुलूप हवं आणि ते दोरीने दुरून उघडता आलं पाहिजे.

सामान:
- नळफिटिंगचा अर्धा इंची यूपीव्हीसी पाइप, जाड भिंतीचा, नवा
- एक ओ-रिंग (गोल रबरी कडं), आठ-दहा केबल टाय, एक लोखंडी क्लिप
- दीड इंची पाइपचा वीतभर तुकडा
- ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, एक टी (तीन तोंडांचा जोड), एक बॉल व्हॉल्व्ह, एक एंड कॅप
- पॉवर स्प्रेची ८.५ मिमीची नळी, सहा मीटर
- दाब दाखवणारा काटा असलेला उभा हवापंप

पाइप घ्यायला जाताना कोल्ड्रिंकची रिकामी बाटली सोबत न्या. नळफिटिंगचा अर्धा इंची पाइप बाहेरून सुमारे २१.३ मिमी असतो आणि बाटलीच्या तोंडात जेमतेम सरकतो. शेतात वापरायचा २० मिमीचा पाइप ढिला बसतो. दुकानदार "एकच आहे" म्हणेल. दुकानातच बाटली घालून पाहा. ओ-रिंग मोटार पंप दुरुस्त करणाऱ्याकडे मिळते. ती घेतानाही पाइप आणि बाटली दोन्ही जवळ ठेवा.

नळीबद्दल हट्ट धरा. गावात पॉवर स्प्रेच्या जुन्या नळ्या फुकट मिळतील, कुणीतरी प्रेमाने आणूनही देईल. घेऊ नका. फवारणीचं औषध नळीत मुरलेलं असतं, धुऊन जात नाही, आणि ही नळी मुलं हाताळणार आहेत. नवा तुकडाच विकत आणा.

जोडणी अशी करायची:

१. उभ्या पाइपवर हॅक्सॉच्या पात्याने उथळ खाच पाडा आणि ओ-रिंग त्यात बसवा. रिंगच्या वर पाइप २० ते २५ सेंटिमीटर राहिला पाहिजे, म्हणजे त्याचं वरचं टोक बाटलीतल्या पाण्याच्या वर येतं. पाइप आखूड ठेवला तर पाणी नळीत उतरतं. ही चूक फार होते.

२. पाइपभोवती केबल टाय उभे लावा, डोकी वर. बाटली बसवल्यावर ही डोकी तिच्या मानेच्या कडीवर अडकली पाहिजेत. शेपट्या खाली लोखंडी क्लिपने आवळा.

३. दीड इंची तुकडा वरून सरकवा. तो वर असताना टायची डोकी आत दाबली जातात आणि बाटली अडकते. दोरी ओढून तो खाली आला की डोकी मोकळी होतात आणि बाटली सुटते. दोरी आठ मीटर हवी.

४. नळीचं एक टोक उभ्या पाइपच्या बुडाला जोडा, पंपाकडच्या टोकाला टी बसवा. एका तोंडाला एंड कॅप, तिला साडेअकरा मिलिमीटरचं भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह. दुसऱ्या तोंडाला बॉल व्हॉल्व्ह. हा बॉल व्हॉल्व्ह "कशाला उगाच" म्हणून बरेच जण गाळतात. दोरी ओढूनही रॉकेट सुटलं नाही तर हवा सोडायला तुमच्याकडे दुसरं काहीच नसतं. त्याच्याशिवाय उड्डाण करू नका.

५. सगळं लाकडी फळीवर बसवा आणि फळीच्या चार कोपऱ्यांना खुंट्यांसाठी भोकं ठेवा. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत वीतभर खुंटी हलते, हातभर लांब घ्या.

हे काम गावातल्या नळफिटिंगवाल्या पालकाला आणि पंक्चरच्या दुकानदाराला शाळेत बोलावून मुलांसमोर करून घ्या. ज्याने लाँचर जोडला तो माणूस पुढे वर्षानुवर्षं त्याची काळजी घेतो.

थांबा: सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्रव) लावलेले जोड २४ तास सुकू द्या. हाताला कोरडा लागलेला जोड आतून ओला असतो. संध्याकाळी चिकटवून सकाळी आठला दाब दिला की जोड निघून उडतो.

थांबा: पीव्हीसी पाइप दाबलेल्या हवेत फुटला तर त्याचे धारदार तुकडे होतात. म्हणून उन्हात वाळलेला जुना पाइप वापरायचा नाही, हवेखालचा पाइप शक्य तितका कमी ठेवायचा (लांब अंतरासाठी म्हणूनच नळी घेतली) आणि पंप मारताना लाँचरच्या बुडाशी ओला बारदाना गुंडाळायचा.

## ३. पाण्याची चाचणी

ही चाचणी कुणी करत नाही. खरं तर हिच्याशिवाय पुढे जाऊच नये.

बाटलीत हवा भरून ती फुटली तर स्फोट होतो. तीच बाटली काठोकाठ पाण्याने भरलेली असताना फुटली तर फक्त चिरते आणि पाणी सांडतं, कारण पाणी हवेसारखं दाबून लहान होत नाही, त्यात ताकद साठत नाही. म्हणून कमजोर बाटली आणि कमजोर जोड पाण्यात पकडायचे.

लाँचर तिरपा धरा. नळी पाण्याने भरा. बाटली तोंडोतोंड भरून लाँचरवर सरकवा, कुलूप लावा, लाँचर सरळ करून वर बारदाना टाका. मुलं वर्गात, बाहेर फक्त मोठी माणसं. हळूहळू ९० पीएसआयपर्यंत दाब न्या आणि पाच मिनिटं थांबा. उड्डाणात आपण ६० च्या वर जाणार नाही, हा त्याच्या दीडपट दाब झाला.

तपासा: काटा खाली येतोय का? येत असेल तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. बाटलीवर पांढरी रेघ उमटली का? ती बाटली बाद. बाद बाटली लगेच कात्रीने कापा, नाहीतर दुपारपर्यंत कुणीतरी तिला कागद चिकटवलेला असतो.

बाटली कोणती? फक्त गॅस असलेल्या कोल्ड्रिंकची, २ किंवा २.२५ लिटरची. पिण्याच्या पाण्याची बाटली पातळ असते, दाब सहन करत नाही. लग्नाचा हंगाम झाला की मांडवातून हव्या तितक्या मिळतात, पण चुरगळलेली, वळी पडलेली किंवा उन्हात पडून राहिलेली घेऊ नका. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या बाटल्याही पुढच्या वर्षी वापरू नयेत. आम्ही प्रत्येक बाटलीवर मार्करने नंबर टाकतो, उड्डाणं मोजतो आणि दहा झाली की ती बाद करतो.

## ४. रॉकेट

आता मुलांच्या हातात द्या. चार जणांचा एक गट, प्रत्येक गटाला चाचणी झालेली एक बाटली.

दाबाच्या बाटलीला कापायचं नाही, घासायचं नाही, तापवायचं नाही. गरम गोंदाची बंदूक प्लास्टिक मऊ करते, झटपट चिकटणारा गोंद ते ठिसूळ करतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि वरून पॅकिंग टेप एवढ्यावर काम भागतं.

पंख तीन किंवा चार, एकसारखे. निवडणुकीनंतर उरलेल्या प्लास्टिकच्या सनपॅक शीटचे छान होतात, पुठ्ठा पहिल्याच उड्डाणात भिजून लोळतो. पंख बाटलीच्या मानेकडे लावायचे, कारण उडताना तोंड खाली असतं. उत्साहात मुलं ते बुडाकडे लावतात. ते खाली इतके उतरू देऊ नका की लाँचरच्या सरकत्या तुकड्याला अडकतील. लाँचरवर बसवून पाहा, मगच टेप लावा.

टोकाला जुना टेनिसचा चेंडू अर्धा कापून बसवा आणि आत ६० ते ८० ग्रॅम खेळण्याची माती दाबा. वावरातली माती वाळून सुटते आणि उडताना खळखळते. गोटा, बोल्ट, नट यांपैकी काहीही टोकात नको. हे टोक कुणाच्या तरी डोक्यावर येऊ शकतं हे धरूनच ते मऊ ठेवायचं.

रॉकेट सरळ जाईल का, हे उडवण्याआधी कळतं. त्यासाठी दोन गोष्टी करा. रिकामं रॉकेट बोटावर तोला आणि जिथे समतोल साधतो तिथे खूण करा, हे झालं वजनाचं केंद्र. मग रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती पुठ्ठ्यावर काढून कापा आणि ती बोटावर तोला. तो बिंदू म्हणजे वारा जिथे ढकलतो त्याचा अंदाज. वजनाचं केंद्र या बिंदूपेक्षा टोकाकडे हवं, किमान बाटलीच्या रुंदीइतकं पुढे. नसेल तर टोकात माती वाढवा किंवा पंख मोठे करा.

रिकामंच का तोलायचं, असं मुलं विचारतात आणि प्रश्न बरोबर आहे. पाणी सेकंदाच्या आत निघून जातं. बाकीचा सगळा प्रवास रिकाम्या बाटलीचा असतो.

तपासा: वजनाच्या केंद्राला अडीच मीटर दोरी बांधा आणि मोकळ्या जागी रॉकेट डोक्यावरून गरगर फिरवा. टोक पुढे ठेवून फिरलं तर पास. आडवं किंवा शेपटी पुढे करून फिरलं तर नापास. नापास रॉकेट लाँचरवर चढणार नाही, ते कुणाचंही असो. या नियमावर रडारड होते. तरी तो मोडू नका.

## ५. पॅराशूट

पहिल्या उड्डाणांना पॅराशूट लागत नाही, आधी रॉकेट सरळ जाऊ द्या. नंतर मिरची-वांग्याच्या वाफ्यावर अंथरायच्या मल्चिंग पेपरचा न वापरलेला तुकडा घ्या. तो पातळ आणि हलका असतो. ६० सेंटिमीटरचा गोल कापा, आठ दोऱ्या, प्रत्येकीची लांबी गोलाच्या रुंदीइतकी. कडेला जिथे दोरी बांधाल तिथे टेपचा तुकडा लावा, नाहीतर फाटतं.

इथे टोकासाठी दुसऱ्या बाटलीचा वरचा भाग कापून टोपीसारखा वापरायचा, त्यालाच मऊ चेंडू लावायचा आणि तो रॉकेटला दोरीने बांधून ठेवायचा. पॅराशूट बाहेर न येण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: उडताना पडू नये म्हणून मुलं टोपी घट्ट दाबतात. वर जाताना हवाच तिला दाबून धरते. रॉकेट हातात उलटं धरा, टोपी आपल्या वजनाने पडली पाहिजे. घडी घालताना टाल्कम पावडर भुरभुरवा, म्हणजे प्लास्टिक चिकटत नाही. टोपी बसवली की वजनाचं केंद्र बदलतं, म्हणून दोरीची चाचणी पुन्हा घ्या.

## ६. उड्डाणाची सकाळ

सगळ्यात आधी वारा. मूठभर कुटार (भुसा) खांद्याच्या उंचीवरून सोडा. दाणा आणि भुसा वेगळे व्हावेत असा वारा असेल, म्हणजे ज्यात उपणता येतं तो, तर रॉकेट उडवू नका. गावातली जुनी माणसं हा अंदाज तुमच्यापेक्षा अचूक देतील, त्यांनाच विचारा.

मैदानावर चुन्याच्या दोन रेघा आखा. लाँचरपासून १५ मीटरवर बघणाऱ्यांची रेघ, तीही एकाच बाजूला. गोल करून उभं राहायचं नाही. लाँचर त्यांच्यापासून किंचित दूर कललेला. सहा मीटरवर पंपाची जागा, तिथे फक्त एक मोठा माणूस आणि दोरी धरणारं एक मूल, दोघांनाही डोळ्यांच्या बचावाचा चष्मा. ढोरं आखरावर असतील तर ती निघून जाईपर्यंत थांबा.

कामं आदल्या दिवशी वाटा: उड्डाणप्रमुख, दोरी, काटा वाचणारी, वारा पाहणारा, कोन मोजणारे दोघं, नोंदवही, रॉकेट आणणारे. उड्डाणप्रमुखाने "थांबा" म्हटलं तर मुख्याध्यापकांनीही थांबायचं. आमच्याकडे हे काम बहुतेक वेळा मुलीच करतात, आणि ठामपणे करतात.

मग हा क्रम:

१. बाटलीत एक तृतीयांश पाणी भरा. २.२५ लिटरच्या बाटलीत साधारण पाऊण लिटर. जास्त पाणी म्हणजे जास्त उंची नव्हे. पाणी वाढलं की हवेला जागा उरत नाही.
२. ओ-रिंगला साबणाचं पाणी लावा. तोंड अंगठ्याने दाबून बाटली उलटी करा, पाइपवर सरकवा. थोडं सांडेल.
३. कुलूप लावा. बाटली वर ओढून पाहा.
४. सगळे रेघेमागे. उड्डाणप्रमुख मोजून खात्री करते.
५. आता पंप. पहिलं उड्डाण ३० पीएसआय, ते सरळ गेलं तर ४५, मग ६०. त्यापुढे नाही. पंपाच्या ओढी मोजून दाबाचा अंदाज बांधू नका, काटा वाचा.
६. वर विमान, पक्ष्यांचा थवा, धुऱ्यावरून येणारा माणूस? एकदा चौफेर नजर.
७. मोठ्याने पाच ते शून्य, आणि दोरी एका झटक्यात. हळू ओढली की बाटली एका बाजूने सुटते आणि तिरपी जाते.

थांबा: दोरी ओढली आणि रॉकेट सुटलं नाही, तर कुणीही जवळ जायचं नाही. बॉल व्हॉल्व्ह उघडा, काटा शून्यावर येऊ द्या, मनात तीस मोजा, मग मोठ्या माणसाने एकट्याने जायचं. याची रंगीत तालीम रिकाम्या लाँचरवर दोनदा करून घ्या.

रॉकेट जमिनीवर पडेपर्यंत कुणी धावत नाही. पडल्यावर दोघंच जातात, चालत, बूट घालून. तारेवर अडकलं तर ते तिथेच सोडून द्या. बांबूने काढायला निघालेल्या माणसाला अडवा.

## ७. उंची मोजणं

ही पायरी गाळली की उपक्रम निव्वळ करमणूक होतो. लाँचरपासून टेपने मोजून ५० मीटरवर, वाऱ्याला आडव्या बाजूला, दोन मुलं उभी करा. वारा जिकडून येतो तिकडे रॉकेट तोंड वळवतं, म्हणून बाजूने पाहिलं की चूक कमी होते. कोनमापकाच्या मध्यातून दोरा आणि लोंबता नट, सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवलेली. रॉकेट सर्वांत वर असताना स्ट्रॉमधून पाहून दोरा बोटाने दाबायचा. दोरा जो कोन दाखवतो तो ९० मधून वजा केला की चढाचा कोन मिळतो.

या तक्त्यावरून आकडा घ्या आणि ५० ने गुणा: ३० अंशाला ०.५८, ३५ ला ०.७०, ४० ला ०.८४, ४५ ला १, ५० ला १.१९. त्यात डोळ्याची उंची मिळवा. ४० अंश आला तर ४२ मीटर, अधिक सव्वा मीटर. दोघांच्या उत्तरात दहा मीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ते उड्डाण नोंदवहीत लिहा, पण उंचीच्या रकान्यात रेघ मारा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी बदललं तर दाब तोच, पंख बदलले तर पाणी तेच. मुलं तिन्ही एकदम बदलतात आणि मग उंची कशामुळे वाढली ते कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येक बदलासाठी तीन उड्डाणं करा आणि सरासरी घ्या.

## ८. आवरताना

बॉल व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच लाँचर उचला. नळीतलं पाणी काढून ती टांगून वाळवा. ओ-रिंग काढून डबीत ठेवा. शाळेच्या खोलीत उंदीर असतात, नळी पत्र्याच्या पेटीत गेली पाहिजे. खुंट्यांची भोकं बुजवा, तुटलेले पंख आणि टेपचे तुकडे वेचा, जनावरांच्या पोटात जातात. जागामालकाला नोंदवहीचं पान दाखवून या. केंद्रातल्या दुसऱ्या शाळेने लाँचर मागितला तर द्या, पण सोबत तो जोडणाऱ्या मुलांपैकी दोघांना पाठवा आणि तिथे पोचल्यावर पाण्याची चाचणी पुन्हा घ्यायला सांगा, कारण मोटारसायकलवर बांधून नेलेल्या लाँचरचे जोड हललेले असतात.